थोरल्याचं कोपर

धाकट्याच्या तोंडात कायम खिळे असत. बारीक, काळ्या डोक्याचे, सोफ्याला कापड ठोकायचे. गालात पंधरावीस खिळे ठेवून तो गिऱ्हाइकाशी भाव ठरवी, शेजारच्या कुलूपवाल्याशी वाद घाली आणि मधेच एकेक खिळा जिभेने पुढे ढकलून चुंबकाच्या हातोडीवर घेई. अडुसष्ट वर्षांचा झाला, पण आजवर एकही खिळा गिळला नाही, हे तो गल्लीभर सांगत फिरे. त्याची वहिनी म्हणे, "एखादा गिळायला हवा होता, भावजी. पोटात काय काय दडवलंय ते तरी टोचून बाहेर आलं असतं."

वहिनीला नक्की काय माहीत होतं, देव जाणे. बहुतेक काहीच नसावं. पण बायकांचे बाण अंधारात सोडलेले असले तरी बरोबर जागी लागतात.

दुकान दोघा भावांचं. जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा उसवायच्या, आतला काथ्या पिंजायचा, मेलेल्या स्प्रिंगा बदलायच्या आणि वरून नवं रेक्झिन चढवायचं. बोलायचं काम धाकट्याकडे, कामाचं काम थोरल्याकडे. थोरला तीन वर्षांनी मोठा आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. त्याचा उजवा हात कोपरात वाकलेला होता, किटलीच्या नळीसारखा. सरळ होत नसे. बाकी जगाला ते व्यंग दिसे, पण दुकानात तो हात म्हणजे हत्यार होतं. सोफ्याच्या पोटात, स्प्रिंगांच्या मागे, जिथे धडधाकट माणसाचा हात अडकून बसे, तिथे थोरल्याचा हात वळसा घालून जाई आणि गाठ मारून परत येई.

हा हात असा कसा झाला, ते सांगायला हवं. बाप एका क्रिकेट क्लबचं मैदान राखायचा. गवत कापायचं, खेळपट्टीवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा. मागच्या पत्र्याच्या खोलीत कुटुंब राहायचं. नऊ वर्षांचा थोरला रोलरच्या शेडवरून पडला आणि कोपर मोडलं. बापाला ओळखीचा एक कंपाउंडर होता. त्याने घरीच प्लास्टर घातलं, पैसे घेतले नाहीत आणि हाडही जुळवलं नाही. फुकटचं प्लास्टर सुटलं तेव्हा हात वाकडा तो वाकडाच. आईने महिनाभर तेल लावून ओढून पाहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी गत.

पण त्या हाताने चेंडू टाकला की बघणारा गप्प होई. चेंडू वरून येताना मधेच विचार बदलल्यासारखा खाली उतरे आणि टप्पा पडल्यावर आत शिरे. धाकटा सोळाचा आणि थोरला एकोणीसचा असताना दोघं क्लबच्या मेंबरांना संध्याकाळी सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार असा नव्हता. रिवाज असा होता, की बॅट धरणाऱ्या साहेबाने मधल्या स्टंपच्या डोक्यावर एक नाणं ठेवायचं. स्टंप उडवला तर नाणं टाकणाऱ्याचं. नाही उडवला, तर साहेब जाताना नाणं परत खिशात घालणार आणि या पोरांना "शाब्बास" देणार. शाब्बास उकळून पिता येत नाही, हे साहेबलोकांना कुणी शिकवलेलं नसतं.

सरावाबाहेर मात्र दोघांना मॅचमध्ये उभं राहायला बंदी होती. पैसे घेऊन टाकणारी पोरं ती, सभासदांच्या संघात कशी चालतील! साहेबांचा स्टंप पाडायला चालतात, साहेबांच्या शेजारी बसायला नाही.

दोघा भावांत एक फरक होता. धाकटा नाणं बघून चेंडू टाकायचा. छोटं नाणं दिसलं की सरळसोट, मोठं चमकलं की जीव काढून. थोरला सगळ्यांना सारखाच टाके. धाकटा त्याला म्हणे, "दादा, त्या कंजुषासाठी कशाला एवढा दम घालवतोस?"

"नाणं बघून टाकायला लागलो ना," थोरला म्हणे, "तर हात खराब होईल. एवढा एकच तर आहे."

क्लबचा कप्तान तेव्हा एक तरुण वकील होता. खेळायचा चांगला, आणि ते त्याला स्वतःला सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं. मोठ्या संघात निवड व्हावी म्हणून तो रोज यायचा, स्टंपवर सगळ्यांत मोठं नाणं ठेवायचा आणि रोज ते थोरल्याला देऊन जायचा. अकरा संध्याकाळी लागोपाठ. बाराव्या संध्याकाळी निवड करणारे दोन पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. थोरल्याने एका षटकात वकीलसाहेबांचा मधला स्टंप तीनदा काढला. तिसऱ्यांदा पाहुण्यांपैकी एक हसला. संपलं.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या नोंदवहीत ओळ पडली: थोरला चेंडू टाकत नाही, फेकतो. हात वाकवून फेकतो. त्याला बंद करण्यात येत आहे.

आता हे ज्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्यालाही समजेल. चेंडू फेकायचा, म्हणजे दगड मारतो तसा मारायचा, तर आधी हात वाकवावा लागतो आणि सोडताना झटक्याने सरळ करावा लागतो. ज्याचा हात जन्मात सरळ होत नाही तो फेकणार कसा? पण विचारायला कुणी आलं नाही आणि बापाची नोकरी त्याच क्लबात होती. बाप खाली मान घालून रोलर ओढत राहिला. थोरला सोफेवाल्याकडे शिकायला लागला.

आणि धाकटा? तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत चेंडू टाकायला गेला. घरात दोघांची कमाई लागायची, एकाची तरी यायला हवी, असं आई म्हणाली. तेही समजू शकतं. पण पुढचं कुणाला माहीत नव्हतं. वकीलसाहेबांनी त्याला रोलरच्या शेडमागे नेलं आणि सांगितलं, "लोक बघत असतील तेव्हा मला सोपे टाक. आठवड्याला पाकीट देईन." सोळा वर्षांच्या पोराने मान हलवली. दोन वर्षं त्याने वकीलसाहेबांना असे चेंडू टाकले की आंधळ्यानेही मारावेत. साहेबांची निवड झाली, फोटो छापून आले. आणि रोज रात्री जेवताना थोरला विचारायचा, "आज साहेबांचा स्टंप किती वेळा?"

"दोनदा," धाकटा म्हणायचा. कधी "तीनदा."

त्यावर दिवसाला दहा वाक्यं बोलणारा तो माणूस मांडीवर थाप मारून हसायचा. "हात माझा नसला म्हणून काय झालं, घरातलाच आहे!"

बावन्न वर्षं झाली. थोरल्याला आयुष्यात एवढाच एक सूड मिळाला होता आणि तोही खोटा होता. हे फक्त दोघांना ठाऊक होतं: धाकट्याला आणि वकीलसाहेबांना.

तर त्या दिवशी दुकानात एक बाई आली. तिशीची, खांद्याला पिशवी, हातात फाईल. क्लबला शंभर वर्षं होत होती आणि तिला त्याचं पुस्तक लिहायचं काम मिळालं होतं. जुन्या आठवणी हव्या होत्या. धाकट्याने खिळे तळहातावर थुंकले, स्टूल पुसलं आणि दोन तास आठवणी सांगितल्या. बाईचं पेन थांबेना, याची जीभ थांबेना. थोरला मागे एका तीन जणांच्या सोफ्यात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. सोफ्याआडून त्याचे फक्त पाय दिसत होते.

"तुमच्यावर एक परिच्छेद आधीच लिहिलाय," बाई म्हणाली. "नोंदवहीवरून. वाचू का? चूक असेल तर सांगा."

तिने वाचलं. मैदान राखणाऱ्याची दोन मुलं पैशासाठी सरावाला चेंडू टाकत. पैकी थोरला चेंडू फेकतो हे उघडकीस आल्याने त्याला बंद करण्यात आलं. धाकट्याने मात्र पुढे दोन वर्षं प्रामाणिकपणे क्लबची सेवा केली.

सोफ्यातले पाय हलले नाहीत.

धाकट्याचा चेहरा रेक्झिनसारखा झाला. शिव्या त्याने आयुष्यात पुष्कळ खाल्ल्या होत्या, पचवल्याही होत्या. पण प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र चुकीच्या पत्त्यावर आलेलं त्याला पचेना.

"ती ओळ काढा," तो म्हणाला.

"कुठली?"

"दोन्ही. दादाने आयुष्यात चेंडू फेकला नाही. त्याला फेकताच येत नाही. पुरावा हवा? तो काय आत सोफ्यात बसलाय."

बाई सरळ होती. ती म्हणाली, "काका, तुमचं म्हणणं मी नक्की मांडीन. पण नोंदवहीत स्पष्ट लिहिलंय, आणि पुस्तकाला समितीची मान्यता लागते. अध्यक्ष वकीलसाहेब आहेत. रविवारी कार्यक्रम आहे, तुमचाही सत्कार ठेवलाय. सोमवारी पुस्तक छापायला जाईल."

ती गेल्यावर सोफ्यातून आवाज आला. "पिवळा दोरा दे."

"दादा, ऐकलंस ना?"

"ऐकलं. माझं काय अडलं त्याच्यावाचून? मला माहितीये, तुला माहितीये. आणि तू साहेबांना चांगला इंगा दाखवलास. दोरा दे."

धाकट्याने दोरा दिला.

शनिवारी वकीलसाहेबांचा स्वतःचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांचा आवाज, पण अजून इस्त्रीचा. "पुस्तकात तुझं चांगलं लिहिलंय, ते राहू दे. जुनं उकरायला लागलास तर पाकिटंही वर येतील. भावाला काय वाटेल, विचार कर."

धाकट्याने विचार केला. दिवसभर केला. एका खुर्चीला उलटं कापड ठोकलं, पुन्हा उसवलं आणि पुन्हा उलटंच ठोकलं. साहेबांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. भावाचं नाव धुवायचं तर भावाचा एकुलता एक आनंद हिसकावून घ्यावा लागणार होता. गप्प बसावं, तर दादा कायमचा फेकणारा म्हणून पुस्तकात छापला जाणार आणि आपण प्रामाणिक म्हणून. संध्याकाळी त्याने हातोडी खाली ठेवली आणि कुणीही समोर नसताना मोठ्याने म्हणाला, "मला धमकी देतो काय? तू उकरण्याआधी मीच उकरतो!"

कुलूपवाला भिंतीपलीकडून ओरडला, "कुणाशी भांडतोयस?"

"तू तुझी कुलपं बघ!"

रविवारी दुपारी वहिनी थोरल्याला घेऊन निघाली. "सख्ख्या भावाचा सत्कार, आणि हे म्हणे घरी बसणार! उठा." तिने त्याचा ठेवणीतला शर्ट काढला. त्याच्या सगळ्या शर्टांची उजवी बाही ती चार बोटं आखूड करायची, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. थोरला खरोखरच खुशीत होता. भावाला मान मिळतोय, याचंच त्याला अप्रूप. ते पाहून धाकटा चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभा राहिला.

क्लबच्या हॉलमध्ये भिंतीवर जुने फोटो मोठे करून लावले होते. समितीची माणसं पुढे गुबगुबीत खुर्च्यांवर बसली होती. त्या खुर्च्यांच्या गाद्या एका ठेकेदारामार्फत थोरल्यानेच भरल्या होत्या, गेल्याच वर्षी. ज्याला बंद केलं त्याच्याच कामावर सगळे टेकून बसले होते आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. थोरला आणि वहिनी शेवटच्या रांगेत, लोखंडी खुर्च्यांवर.

भाषणं झाली. धाकट्याचं नाव पुकारलं. वकीलसाहेब पाकीट आणि सन्मानचिन्ह घेऊन उभे राहिले. धाकटा वर गेला आणि पाकिटाकडे न बघता थेट माईकसमोर उभा राहिला.

"हे मी घेणार नाही. तुमच्या पुस्तकात लिहिलंय की माझा दादा चेंडू फेकायचा. दादा, इकडे ये."

हॉलमध्ये कुजबुज झाली. थोरला जागचा हलेना. वहिनीने त्याला कोपराने ढोसलं, तसा तो वाट काढत पुढे आला.

"साहेब," धाकटा म्हणाला, "हा हात धरा आणि सरळ करून दाखवा."

"याची काही गरज नाही."

"बावन्न वर्षांपूर्वी गरज होती. तेव्हा तुम्ही हात लावून बघितला नाही. आज बघा. ओढा!"

एवढ्या लोकांपुढे मागे कसं सरणार? साहेबांनी आधी दोन बोटांनी धरलं, घाणेरडं फडकं उचलावं तसं. मग दोन्ही हातांनी. ओढलं. कोपर तसंच. थोरला शांतपणे छताकडे बघत उभा होता, दवाखान्यात उभा असल्यासारखा.

साहेबांनी हात सोडला आणि हसले. "वयाने आखडलाय. माझेही गुडघे आखडलेत. तेव्हा असा होता, याला काय पुरावा?"

वकील तो वकीलच. लोकही हसले. उत्तर भिंतीवर होतं आणि ते पुस्तकवाल्या बाईने पाहिलं. ती एका फोटोपाशी गेली. पुढे कुणी कप्तान बॅट टेकवून ऐटीत उभा आणि त्याच्या मागे, लांबवर, एक काटकुळा पोरगा चेंडू टाकतोय. तिने नाक लावून पाहिलं आणि वळून स्पष्ट आवाजात म्हणाली, "चेंडू हातातून सुटलाय, साहेब. हवेत दिसतोय. आणि हात अजून असाच वाकलेला आहे. आत्ता आहे तसाच."

कुणी हसलं नाही. दोघंतिघं उठून बघायला गेले.

वकीलसाहेबांचा गोरा चेहरा लाल झाला. "आणि हे बोलतोय कोण? प्रामाणिकपणाच्या गोष्टी याने सांगाव्यात? याला विचारा..."

"विचारू नका, मीच सांगतो!" धाकटा ओरडला. माईकची गरज उरली नव्हती. "दादाला काढल्यावर दोन वर्षं मी साहेबांना मुद्दाम सोपे चेंडू टाकले. पैसे घेऊन. दर आठवड्याला पाकीट घेतलं. एकदाही स्टंप उडवला नाही, एकदाही! दादाला विकत घेता येत नव्हतं म्हणून त्याला काढलं, आणि मला घेता आलं म्हणून मी प्रामाणिक! छापायचं असेल तर हे छापा, माझ्या नावासकट छापा. मी सही करतो!"

मग त्याने दादाकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. थोरल्याचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. चेंडू फेकणारा म्हटलं तेव्हा त्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. आता हलली.

पुस्तकवाली म्हणाली, "ती ओळ छापली जाणार नाही. नाहीतर पुस्तकावर माझं नाव जाणार नाही." समितीतला एकजण म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "बघू नका, लिहून द्या." एवढ्या गोंधळात वकीलसाहेब आपली काठी शोधत होते.

थोरला बाजूच्या दाराने बाहेर पडला. धाकटा मागोमाग. बाहेर ऊन होतं. हॉलच्या मागेच सरावाची जाळी होती आणि आत तीन स्टंप रोवलेले. कोपऱ्यात बादलीभर जुने चेंडू. थोरला तिथे थांबला. धाकटा चार पावलांवर थांबला.

"मुद्दाम सोपे टाकायचास?" थोरल्याने विचारलं.

"हो."

"दोन वर्षं?"

"हो, दादा."

"मी घरी बसून हसायचो."

धाकटा रडला. अडुसष्टाव्या वर्षी, शर्टाच्या बाहीने नाक पुसत. थोरल्याने त्याला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. त्याने वाकून बादलीतला एक चेंडू उचलला आणि त्याच्या हातात कोंबला.

"टाक."

"काय?"

"चेंडू. टाक. खरा टाक." आणि तो जाऊन स्टंपांच्या समोर उभा राहिला, बॅट न घेता, वाकडा हात कमरेवर ठेवून.

"दादा, लागेल तुला."

"टाक म्हणतो ना!"

धाकट्याने टाकला. चेंडू तिसऱ्या टप्प्यावर कसाबसा पोहोचला. "परत," थोरला म्हणाला. दुसरा जाळीत गेला. "परत." धाकट्याचे गुडघे करकरत होते, खांदा ठणकत होता. पाचवा, सहावा. "हा साहेबांचा झाला. परत!" वहिनी दारात येऊन उभी राहिली. दहाव्या चेंडूला धाकट्याला राग आला. स्वतःचा, साहेबांचा, या म्हाताऱ्या हट्टी भावाचाही. त्याने चार पावलं जास्त मागे जाऊन धाव घेतली, सगळं अंग पिळून टाकला, आणि चेंडू टप्पा पडून आत वळला आणि थोरल्याच्या नडगीवर फाडकन बसला.

थोरला खाली बसला. दोन्ही हातांनी नडगी धरून, डोळे मिटून. धाकटा धावत गेला. "दादा! लागलं का रे?"

"लागलं," थोरला दात आवळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हा टाकायला हवा होतास गाढवा. तेव्हा."